प्रपत्र-पडताळणीचे नियम

प्रपत्राच्या प्रत्येक रकान्यात भरलेली माहिती स्वीकारावी, नाकारावी की दुरुस्तीसाठी परत पाठवावी, हे ठरविणाऱ्या पूर्वनिश्चित अटींना प्रपत्र-पडताळणीचे नियम असे म्हणतात. कागदी प्रपत्रांच्या काळात हे काम कारकून करीत असे. छिद्रित पत्रांच्या काळात त्यातील काही भाग यंत्राकडे गेला आणि आंतरजालावरील प्रपत्रांत तो संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेल्या नियमांकडे आला. रकाना रिकामा नसावा, त्यात संख्याच असावी यांसारखे सर्वसाधारण नियम बहुतेक आज्ञावलींत तयार मिळतात. तेवढ्याने भागत नाही तेथे त्या त्या कार्यालयाच्या, विषयाच्या व प्रदेशाच्या गरजेनुसार स्वतंत्र नियम लिहावे लागतात. त्यांना विशेष नियम म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत अशा विशेष नियमांचा विकास महाराष्ट्राच्या, त्यातही बीड जिल्ह्यातील शिरूर कासार या तालुक्याच्या संदर्भात दिला आहे. सिंदफणा नदीच्या काठचे हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. नामसादृश्य, हैदराबाद संस्थानापासून चालत आलेले जमिनीचे अभिलेख आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात. त्यामुळे दूरच्या कार्यालयात लिहिलेला नियम प्रत्यक्ष गावात कसा लागू पडतो, हे पाहण्यास हा तालुका उपयुक्त आहे.

स्वरूप व प्रकार : पडताळणीचे नियम स्थूलमानाने सहा प्रकारचे असतात. (१) अस्तित्वाचा नियम : रकाना भरलेला असला पाहिजे. (२) रूपाचा नियम : माहितीतील अक्षरे व अंक यांची संख्या आणि क्रम ठराविक असला पाहिजे, उदा., पिनकोड सहा अंकी असतो व त्याचा पहिला अंक शून्य नसतो. (३) मर्यादेचा नियम : संख्या दोन टोकांच्या दरम्यान असली पाहिजे, उदा., एकर व गुंठे स्वतंत्र लिहिताना गुंठे ३९ हून अधिक असू शकत नाहीत, कारण ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. (४) सूचीचा नियम : माहिती मान्य यादीतील असली पाहिजे, उदा., तालुक्याचे नाव. (५) परस्परसंबंधाचा नियम : दोन रकाने एकमेकांशी सुसंगत असले पाहिजेत, उदा., निवडलेला तालुका निवडलेल्या जिल्ह्यात असला पाहिजे. (६) बाह्य मेळाचा नियम : माहिती दुसऱ्या एखाद्या अभिलेखाशी जुळली पाहिजे, उदा., अर्जातील नाव सातबाऱ्यावरील नावाशी.

यांपैकी पहिले पाच नियम माहितीचे रूप व सुसंगती तपासतात, तर सहावा नियम एका नोंदीचा दुसऱ्या नोंदीशी मेळ घालतो. माहिती सत्य आहे की नाही हे यांपैकी कोणताही नियम स्वतःहून सांगू शकत नाही. जुन्या पिढीतील असंख्य व्यक्तींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि जन्माची नोंद नसल्यास शिक्षक अंदाजाने ती तारीख लिहीत. अशी तारीख रूपाच्या, मर्यादेच्या व बहुधा बाह्य मेळाच्याही कसोटीस उतरते. तथापि ती खरी असतेच असे नाही. उलट एखादी खरी माहिती केवळ अपेक्षित साच्यात न बसल्यामुळे नाकारली जाऊ शकते. पडताळणीच्या इतिहासातील बहुतेक प्रश्न या दोन शक्यतांमधून निर्माण झालेले आहेत.

पूर्वेतिहास : लिखित व्यवहारात फेरफार किंवा चूक होऊ नये यासाठीच्या युक्त्या संगणकाहून पुष्कळच जुन्या आहेत. मराठेशाहीच्या दफ्तरांत पत्राचा मजकूर संपल्यावर मर्यादेची किंवा ‘लेखनसीमा’ ही अक्षरे असलेली मुद्रा उमटवीत असत. त्यामुळे पुढे मजकूर घुसडण्यास वाव राहत नसे. हिशेबाचे कागद मूळ नोंदींशी ताडून पाहण्यास ‘रुजवात घालणे’ असे म्हणत. रक्कम अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहिण्याची आणि अक्षरी रकमेपुढे ‘मात्र’ हा शब्द घालून जागा बंद करण्याची रीत आजही धनादेशांवर व पावत्यांवर टिकून आहे. एकच माहिती दोन प्रकारे घ्यावयाची व त्या परस्परांशी ताडून पहावयाच्या, हे परस्परसंबंधाच्या नियमाचे जुने रूप होय.

इंग्रजी अमदानीत प्रपत्रांना ठराविक क्रमांक व रकाने मिळाले. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीस प्रारंभ झाला आणि पुढे अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने गावपातळीवरील महसुली हिशेबांचे नमुने क्रमवार बसविले. एक ते एकवीस या गाव नमुन्यांपैकी ६ (फेरफार नोंदवही), ७ (अधिकार अभिलेख), ८अ (खातेनोंद) आणि १२ (पिकांची नोंद) हे लोकव्यवहारात विशेष परिचित आहेत. सात व बारा हे नमुने एकाच कागदावर देण्याच्या प्रथेतून ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. या नमुन्यांचा एक विशेष असा की, ते परस्परांशी बांधलेले असतात. फेरफार नोंदवहीतील क्रमांकाचा आधार असल्याखेरीज नमुना ७ वरील हक्कात बदल होत नाही आणि एका खातेदाराच्या सर्व जमिनींची नोंद नमुना ८अ मध्ये एकत्र येते. पडताळणीची ही साखळी तलाठी, मंडल अधिकारी आणि तहसीलदार यांच्या हातून फिरत असे.

बीड जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. तो हैदराबाद संस्थानात मोडत असे व तेथील महसुली कारभार उर्दूत आणि फसली सनात चाले. फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन मिळतो. त्यानुसार १३५८ फसली म्हणजे इ. स. १९४८-४९ होय. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर राज्यातील निरनिराळ्या विभागांचे महसुली कायदे एकत्र झाले. तरीही मराठवाड्यात जमिनीचा जुना हक्क शोधताना १९५४-५५ च्या खासरा पत्रकाकडे व त्याआधीच्या उर्दू कागदांकडे वळावे लागते. म्हणजे शिरूर कासारच्या एखाद्या शेताची नोंद आजच्या रकान्यात येईपर्यंत तिने दोन लिप्या, दोन सन आणि दोन मापनपद्धती ओलांडलेल्या असतात. तारखेच्या रकान्यात केवळ इसवी सनच स्वीकारणाऱ्या नियमाला मूळ कागदावरील सन लिहून घेण्याची सोय नसते. तो सन कोणीतरी आधीच बदलून लिहावा लागतो आणि या बदलाची खूण नोंदीत राहत नाही.

यांत्रिक पडताळणी : माहिती यंत्राने वाचता येईल अशी करण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत झाला. हर्मन हॉलरिथ यांनी त्यासाठी छिद्रित पत्रे वापरली. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० स्तंभांचे पत्र प्रचारात आणले व पुढे ते जवळजवळ प्रमाण ठरले. छिद्रे पाडताना होणाऱ्या चुका शोधण्यासाठी पडताळणी यंत्र असे. तेच पत्र दुसऱ्या कर्मचाऱ्याने पुन्हा टंकावयाचे. दोन्ही वेळची माहिती जुळल्यास यंत्र पत्राच्या कडेला खाच पाडी, न जुळल्यास थांबे. ही पद्धत खात्रीची, परंतु दुप्पट श्रमाची होती.

श्रम वाचविण्यासाठी क्रमांकातच त्याची कसोटी ठेवण्याची कल्पना पुढे आली. क्रमांकाच्या इतर अंकांवरून गणिताने काढलेला एक अंक त्याच्या शेवटी जोडला, तर लिहिताना झालेली चूक मूळ नोंद न पाहताही उघड होते. या अंकाला पडताळा अंक म्हणतात. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये अशा पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६० मध्ये ते त्यांना मिळाले. या पद्धतीत एका अंकाची कोणतीही चूक सापडते. मात्र ०९ ऐवजी ९० अशी अदलाबदल निसटते. डच गणितज्ञ याकोबुस व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदलही पकडली जाते. भारतातील बारा अंकी आधार क्रमांकाचा शेवटचा अंक व्हर्हूफ पद्धतीने काढलेला असतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला.

पिनकोडची रचना निराळी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सारख्या नावाची गावे, चुकीचे पत्ते आणि निरनिराळ्या लिप्या यांमुळे टपालाच्या वाटपात येणारी अडचण दूर करणे हा तिचा हेतू होता. पिनकोडच्या सहा अंकांत विभाग, उपविभाग, वर्गीकरण जिल्हा व वाटप कार्यालय यांचा बोध होतो. पडताळा अंक मात्र त्यात नाही. त्यामुळे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक रूपाच्या नियमाने सापडत नाही. त्यासाठी सर्व मान्य पिनकोडांची सूचीच जवळ ठेवावी लागते.

आंतरजालावरील प्रपत्रे : जालपृष्ठावर रकाने असलेली प्रपत्रे १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आली. एचटीएमएल या मांडणीभाषेच्या १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्यांना प्रमाणित रूप मिळाले. प्रारंभी सर्व पडताळणी दूरच्या सर्व्हर संगणकावर होत असे. वापरकर्त्याने पूर्ण प्रपत्र भरून पाठवावे आणि चूक असल्यास ते परत यावे, असा हा क्रम होता. १९९५ मध्येच जाहीर झालेल्या जावास्क्रिप्ट या भाषेमुळे वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्येच तत्काळ तपासणी करणे शक्य झाले. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत अनिवार्य रकाना, किमान व कमाल मूल्य आणि अक्षररचनेचा साचा हे नियम मांडणीभाषेतच सांगता येऊ लागले. त्याखेरीज विशेष नियम लिहून त्याचा संदेश हव्या त्या भाषेत दाखविण्याची सोयही झाली.

अक्षररचनेचा साचा ज्या संकेतांनी लिहितात त्यांना नियमित पदावली म्हणतात. त्यांचा गणितीय पाया स्टीव्हन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात घातला आणि केन टॉम्सन यांनी १९६८ मध्ये त्या मजकूर शोधण्यासाठी संगणकावर वापरण्याची पद्धत मांडली. ‘चार अक्षरे, नंतर शून्य, नंतर सहा अक्षरे किंवा अंक’ असे बँक शाखेच्या आयएफएससी संकेताचे वर्णन अशा एका ओळीच्या पदावलीत करता येते.

ब्राउझरमधील व सर्व्हरवरील तपासणी यांचे हेतू भिन्न असतात. पहिली वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते, परंतु जाणकार व्यक्ती ती सहज टाळू शकते. म्हणून अभिलेखाच्या रक्षणासाठी तोच नियम सर्व्हरवर पुन्हा तपासावा लागतो. दोन्ही ठिकाणचे नियम एकसारखे न राहिल्यास एका ठिकाणी स्वीकारलेला अर्ज दुसरीकडे नाकारला जातो व अर्जदाराला त्याचे कारण कळत नाही.

स्थलनाम व संकेतांक : महाराष्ट्रात शिरूर नावाची तीन तालुक्यांची ठिकाणे आहेत : पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी), लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ आणि बीड जिल्ह्यातील शिरूर कासार. तालुक्याच्या रकान्यात केवळ ‘शिरूर’ एवढेच लिहून घेतल्यास माहिती सूचीच्या नियमाला उतरते, पण तिच्यावरून ठिकाण निश्चित होत नाही. त्यामुळे जिल्हा व तालुका हे दोन रकाने परस्परांशी जोडावे लागतात आणि नावाऐवजी संकेतांक साठवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ असून पुणे, बीड व लातूर या जिल्ह्यांचे संकेतांक अनुक्रमे ५२१, ५२३ व ५२४ होते. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही जिल्हा, तालुका व गाव यांना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. नावे बदलतात, संकेतांक टिकून राहतो, हा त्याचा दुसरा लाभ होय. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या जिल्ह्यांची नावे अलीकडे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर अशी झाली. नावावर आधारलेले मेळाचे नियम अशा वेळी निरुपयोगी ठरतात.

सूचीला काळाचीही मर्यादा लावावी लागते. शिरूर कासार तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आल्यामुळे तेथील रहिवाशांच्या त्यापूर्वीच्या कागदांवर जुन्या तालुक्याचे नाव असते. जन्माच्या दाखल्यावरील तालुका व आजच्या पत्त्यातील तालुका एकच असला पाहिजे, असा नियम लिहिल्यास येथे जन्मलेल्या व कधीही गाव न सोडलेल्या व्यक्तीचा अर्जही विसंगत ठरू शकतो. प्रत्येक नावापुढे ते केव्हापासून केव्हापर्यंत लागू होते हे नोंदविल्यास हा दोष टळतो.

पिनकोडच्या बाबतीतही असेच घडते. बीड शहराचा पिनकोड ४३११२२ आहे. त्यावरून जिल्ह्यातील सर्व पिनकोड ४३१ ने सुरू होतात असे एखाद्यास वाटेल व तसा परस्परसंबंधाचा नियमही लिहिला जाईल. प्रत्यक्षात शिरूर कासारचा पिनकोड ४१३२४९ व आष्टीचा ४१४२०३ आहे. टपालाची विभागणी वाहतुकीच्या सोयीने झालेली असून ती महसुली सीमांशी जुळत नाही. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाकडे पाहून लिहिलेला नियम जिल्ह्याच्या कडेच्या तालुक्यांना असा वगळू शकतो.

लिपी व नावे : भारतीय भाषांतील प्रपत्रांपुढे लिपीचा स्वतंत्र प्रश्न आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखलेली आहेत. तिच्यात ‘शिरूर’ हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसला, तरी तो पाच संकेतांकांनी बनतो, कारण वेलांटी व उकार यांना स्वतंत्र संकेतांक असतात. शिवाय ही चिन्हे ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत. म्हणून ‘नावात फक्त अक्षरे असावीत’ असा युरोपीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नियम जवळजवळ प्रत्येक मराठी नाव नाकारतो. त्याचप्रमाणे देवनागरी अंक व रोमन अंक यांचे संकेतांक भिन्न असल्यामुळे अर्जदाराने देवनागरीत लिहिलेला पिनकोड अनेक प्रपत्रे संख्या म्हणून ओळखत नाहीत. तो नाकारण्याऐवजी आतल्या आत रूपांतरित करणे हा उपाय सोपा आहे.

काही भेद डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे टंकता येतो : स्वतंत्र ऱ वापरून, र ला नुक्ता जोडून, किंवा र व हलन्तचिन्ह यांनंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. यांपैकी पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणाने एकरूप होतात. तिसऱ्यासाठी विशेष नियम लिहावा लागतो. तसे न केल्यास कागदावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद याहून सामान्य आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार व उकार दीर्घ लिहावेत असे सांगतात. त्यानुसार ‘शिरूर’ हे रूप योग्य ठरते. परंतु जुन्या कागदांवर व फलकांवर ‘शिरुर’ हेही रूप सर्रास आढळते. इंग्रजीत लिहिताना तर एकाच आडनावाची अनेक वर्णरूपे होतात.

याचा परिणाम बाह्य मेळाच्या नियमात प्रकर्षाने दिसतो. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीविषयक शासकीय योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. तो आधार क्रमांक व जमिनीची नोंद यांच्या जोडणीवर उभा आहे. सातबाऱ्यावरील नाव मोडी, उर्दू व देवनागरी लिपींतून नकलत आलेले, वडिलांचे नाव कधी असलेले तर कधी नसलेले; आधारवरील नाव नोंदणीच्या वेळी बोलून टंकविलेले. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरच्या जमिनीवर एक नाव व आधारवर दुसरे, असेही घडते. अशा वेळी ‘दोन्ही नावे तंतोतंत जुळावीत’ हा नियम फसवणूक रोखतो, पण खऱ्या खातेदारालाही बाहेर ठेवतो. म्हणून नावांमधील साम्याचे प्रमाण काढावयाचे, ते पुरेसे असल्यास अर्ज स्वीकारावयाचा आणि कमी असल्यास तो माणसाच्या तपासणीसाठी पाठवावयाचा, अशी त्रिविध रचना अधिक योग्य मानली जाते.

जमीन व पीक : भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचा राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रमात समावेश झाला. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणालीद्वारे गाव नमुने संगणकावर आले व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे उपलब्ध झाले. त्याआधी हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहण्याची मोठी मोहीम राबविण्यात आली. गावात चावडी-वाचन करून खातेदारांकडून चुका समजून घेण्यात आल्या. एकूण क्षेत्र आणि सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळते की नाही, हा या मोहिमेतील एक महत्त्वाचा विशेष नियम होता. कागदावर अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात न आलेल्या विसंगती या एका बेरजेने उघड झाल्या.

मापनाच्या रकान्यातील चूक किती महाग पडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २ एकर ३० गुंठे म्हणजे २·७५ एकर, अर्थात सुमारे १ हेक्टर ११ आर होत. हेच क्षेत्र ‘२.३०’ असे लिहून दशमान अपूर्णांक म्हणून वाचले, तर ते २ एकर १२ गुंठे होते आणि १८ गुंठे जमीन नोंदीतून नाहीशी होते. एकच संख्या घेणारा रकाना ही चूक ओळखू शकत नाही, कारण दोन्ही वाचने रूपाने निर्दोष असतात. एकर व गुंठे किंवा हेक्टर व आर यांना वेगळे रकाने देऊन गुंठ्यांना ३९ व आरांना ९९ ही कमाल मर्यादा लावल्यास तिचा उगमच बंद होतो. नियम कठोर करण्यापेक्षा रकाना योग्य प्रकारे आखणे अनेकदा अधिक उपयुक्त असते, असे यावरून दिसून येते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. छायाचित्राबरोबर स्थानाचे अक्षांश-रेखांश घेतले जातात आणि नोंदींपैकी काहींची तलाठी प्रत्यक्ष तपासणी करतो. येथेही स्थानिक शेतीची माहिती असल्याखेरीज नियम लिहिता येत नाही. मराठवाड्यात कापसात तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. दोन्ही पिकांपुढे पूर्ण शेताचे क्षेत्र लिहिल्यास बेरीज शेताच्या दुप्पट होते व नियम ती नाकारतो. मिश्र पिकासाठी स्वतंत्र पर्याय ठेवला, तरच शेतकऱ्याचे म्हणणे व बेरजेचा नियम या दोहोंचा मेळ बसतो.

लाभाच्या योजना : जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी आंतरजालावरून अर्ज मागविण्यात आले. पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले हे कुटुंब हे लाभाचे एकक होते आणि त्यासाठी दीड लाख रुपयांची मर्यादा होती. बँकांकडील खात्यांची माहिती व अर्जांतील माहिती यांचा मेळ घालण्यात बराच काळ गेला. बँकेच्या खात्याचे एकक व्यक्ती, तर योजनेचे एकक कुटुंब होते. त्यामुळे रकाने जुळविणे हे तांत्रिक काम न राहता कुटुंब कोणास म्हणावयाचे याचा निर्णय बनले. ऊसतोडणीच्या व्यवहारातही असाच प्रश्न उद्भवतो. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या भागांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर हंगामात साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. त्यांच्या उचलीचा व हिशेबाचा आधार ‘कोयता’ हा असतो; एक कोयता म्हणजे सामान्यतः पती-पत्नीची जोडी. व्यक्तिशः नोंद घेणाऱ्या प्रपत्रात कोयत्याचे एकच नाव लिहिले गेले, तर जोडीतील स्त्रीचे श्रम नोंदीबाहेर राहतात. शिवाय हंगामात घर बंद असल्याने पत्त्यावरील तपासणी निष्फळ ठरते.

बँकेच्या रकान्यातील एक उदाहरण मराठवाड्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे. या भागात दीर्घकाळ सेवा देणारी स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि तिच्या शाखांचे ‘एसबीएचवाय’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेत बदलले. जुना संकेत अकरा चिन्हांचा असल्यामुळे तो रूपाच्या नियमाला पुढेही उतरत राहिला. मात्र तो संकेत कालबाह्य झालेला होता. पासबुकावरून जुना संकेत उतरवून घेणाऱ्या खातेदाराचा त्यात कोणताच दोष नव्हता. चालू संकेतांची सूची अद्ययावत ठेवणे आणि जुन्या संकेतापुढे नवा संकेत सुचविणे, हाच यावरील उपाय होय.

मूल्यमापन : विशेष नियमांमुळे अभिलेखांची अचूकता वाढली, कार्यालयांचे श्रम वाचले आणि खोट्या नोंदींना काही प्रमाणात आळा बसला, हे मान्य करावे लागते. तथापि कारकुनाची जागा नियमाने घेतली, तेव्हा एक जुनी सोय कमी झाली. कारकून अर्जदाराला ओळखत असे, अडचण ऐकून घेत असे व शेरा मारून कागद पुढे पाठवू शकत असे. या अधिकारातून पक्षपात व लाचलुचपत यांनाही वाव मिळे. नियम मात्र सर्वांना सारखा लागू होतो. परंतु तो सारखा असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्यांची नावे, पत्ते व मिळकती प्रमाण साच्यात आधीच बसलेल्या असतात, त्यांना तो जाणवतही नाही. ज्यांच्या नोंदी अनेक राजवटींतून आल्या आहेत, त्यांना तो प्रत्येक रकान्यापाशी अडवतो.

या दृष्टीने महसूल संहितेतील फेरफाराची रीत उद्‌बोधक आहे. संहितेच्या कलम १५० नुसार हक्कातील बदलाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत होते, हितसंबंधितांना सूचना दिली जाते, हरकत आल्यास तिची सुनावणी होते आणि त्यानंतरच सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लेखनातील चूक दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. ही नोंद संगणकावर आल्यानंतरही हे टप्पे कायम राहिले. आंतरजालावरील इतर प्रपत्रांना हेच तत्त्व लागू पडते. नियमाने अर्ज अडविल्यास कोणता रकाना, कोणत्या कारणाने व काय लिहिले असता चालेल, हे अर्जदाराच्या भाषेत सांगितले पाहिजे. ‘अवैध माहिती’ एवढा संदेश पुरेसा होत नाही. अर्धवट भरलेली माहिती पुसली जाऊ नये. नियमात न बसणारी, परंतु अर्जदार खरी म्हणून सांगत असलेली माहिती कारणासह नोंदवून घेणारा रकाना असावा आणि तिचा निर्णय ठराविक मुदतीत नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याने द्यावा. नियम अंमलात आणण्यापूर्वी तो जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणच्या नमुन्यांवरच न तपासता कडेच्या तालुक्यांतील खऱ्या नोंदींवर तपासून पहावा. किती अर्ज कोणत्या नियमामुळे अडले याची नोंद ठेवल्यास चूक अर्जदारांची की नियमाची, हेही कळून येते. एकाच तालुक्यातील शेकडो अर्ज एकाच रकान्यापाशी अडत असतील, तर तेथे तपासणीची गरज बहुधा त्या नियमालाच असते.